बरोबर

दिवेलागणीनंतरची वेळ निवडा. स्वयंपाक झालेला असावा, टीव्ही बंद असावा. रोज जिथे बसता तिथेच बसा. पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही. माझ्या मुलाला डोळे मिटले की आवाज दुप्पट मोठे वाटतात, म्हणून आमच्या घरी मनन उघड्या डोळ्यांनी होतं.

आता आवाज ऐका. एकेक करून ऐका. पंखा. फ्रिज. खालच्या रस्त्यावरची रिक्षा. शेजारच्या मोरीत घासलं जाणारं भांडं. हे सगळे आवाज मघापासून चालूच होते. तुमच्या मनाने ते नकळत बाजूला सारले होते, आणि या कामाचे कष्ट तुम्हाला कधी जाणवलेही नाहीत. पुढची थोडी मिनिटं काहीच बाजूला सारू नका. सगळं सारख्याच जोराने आत येऊ द्या. कॉलरमागचं लेबल मानेला टोचतंय, तेही येऊ द्या. ट्यूबलाइटची बारीक गुणगुण येऊ द्या. आणि आता समोर कुणीतरी येऊन बसलंय, हसऱ्या चेहऱ्याने विचारतंय, "काय मग, अभ्यास कसा चाललाय?"

उत्तर द्या.

जमलं नाही तर राहू द्या. नुसते बसा.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि तो ऑटिस्टिक आहे. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. ‘ऑटिझम’ हा मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवला, तोही दुसऱ्याच एका आजाराचं वर्णन करताना. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. आपला शब्द त्याच वाटेने आला. स्वतःत मग्न. या शब्दापाशी मी बरीच वर्षं बसले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते तसंच दिसतं, हे मला कळतं. पण मुलाच्या शेजारी बसून पाहिलं तर तो जगात गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो. पंखा, फ्रिज, रिक्षा, लेबल, गुणगुण आणि तुमचा प्रश्न, सगळं एकाच वेळी त्याच्यापाशी आलेलं असतं. त्यातून तुमचा प्रश्न निवडून उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण थांबत नाही.

आज मात्र मला त्या कष्टांपाशी फार वेळ बसायचं नाही. आज हसण्यापाशी बसायचं आहे. कारण आमच्या घरात हसू पुष्कळ आहे, आणि ते कुणाचं, कुणाकडे तोंड करून आलेलं, हे ओळखायला मला फार वर्षं लागली.

एक हसू आठवा

तुम्ही कधीतरी कुणाला तरी हसला असाल. वाईट मनाने नव्हे. समोरच्याने काहीतरी भलतंच उत्तर दिलं, आणि हसू आलं. तो प्रसंग आठवा. घाई करू नका. चेहरा आठवा, जागा आठवा, हसल्यानंतर तो चेहरा कसा झाला तेही आठवा.

तोवर मी माझा सांगते.

तो नऊ वर्षांचा होता. संक्रांतीची संध्याकाळ. आमच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या, हातात स्टीलचा डबा. "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्याने वडी हातात घेतली. नीट पाहिली. मधोमध मोडली, अर्धी डब्यात परत ठेवली आणि म्हणाला, "मी वर्षभर गोड बोलेनच असं सांगता येत नाही. म्हणून अर्धीच घेतो."

काकू खळखळून हसल्या. समोरच्या दारातल्या दोघींना हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, मग त्याही हसल्या. मी हसले. माझं हसू कौतुकाचं होतं, काकूंचंही कौतुकाचंच असावं. त्याने दोन्ही कान दाबले आणि आतल्या खोलीत गेला. रात्री झोपलेल्या मुलाची मूठ मी हळूच उघडली तेव्हा अर्धी वडी आतच होती. गूळ पाघळून तळहाताला चिकटला होता, तीळ बोटांच्या फटींत गेले होते. ओल्या फडक्याने मी एकेक तीळ काढत बसले.

त्या तळहातापाशी थोडं थांबा.

त्याने काय केलं होतं? समोरच्या माणसाने एक अट घातली होती: हे घ्या आणि तसं वागा. त्याने ती अट खरी मानली. आपल्याला किती झेपेल याचा हिशेब केला आणि तेवढंच घेतलं. आम्ही चौघी पुरी वडी खाऊन मोकळ्या झालो होतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. उपहसितात नाकपुड्या फुगतात, नजर तिरकी होते. अपहसित म्हणजे अस्थानी आलेलं हसू. याशिवाय आणखी एक विभागणी आहे, आत्मस्थ आणि परस्थ: माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे निरीक्षण, आणि किती बारीक! गाल, नाक, नजर, खांदे, सगळं मांडून ठेवलेलं.

तुम्ही आठवलेलं हसू या सहांपैकी कुठे बसतं, ते पाहा. स्वतःला बोल लावू नका. नुसतं पाहा.

भिंतीवर

आता समोरच्या भिंतीकडे नजर जाऊ द्या. तिच्यावर काही टांगलेलं असेल. कॅलेंडर, फोटो, घड्याळ.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. ऑटिझमचा आजचा अर्थ त्या लेखापासून रुजत गेला. त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी बोलता बोलता घरच्या भिंतीवरच्या चित्रांचा उल्लेख केला. मुलाने वडिलांना सुधारलं: चित्रं भिंतीजवळ आहेत. त्याच्या लेखी ‘वर’ म्हणजे बहुधा माथ्यावर. भिंतीच्या माथ्यावर काही चित्रं ठेवलेली नव्हती.

पुन्हा समोर पाहा. कॅलेंडर कुठे आहे? पक्षी कुंपणावर बसतो, मांजर कपाटावर बसतं, तसं कॅलेंडर भिंतीवर बसलेलं नाही. ते भिंतीला लागून आहे. मुलाचं बरोबर होतं. आपण ‘वर’ हा शब्द इतका वापरला की त्यातला वर निघून गेला, आणि ते आपल्या ध्यानातही आलं नाही. एका लहान मुलाला ते खटकलं.

त्याच लेखातला आणखी एक मुलगा. वडिलांनी त्याला ‘हो’ म्हणायला शिकवलं: तू हो म्हणालास की मी तुला खांद्यावर घेईन. तो हो म्हणायला शिकला, आणि त्यानंतर कितीतरी महिने त्याच्यासाठी ‘हो’ या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच होता. मला हे वाचून हसू आलं होतं, आणि ते हसत असतानाच डोळे भरले होते. होकार म्हणजे कुणीतरी आपल्याला उचलून खांद्यावर घेणं. शब्दाचा याहून चांगला अर्थ मला तरी माहीत नाही.

माझ्या मुलाने सोळाव्या वर्षी एक वही सुरू केली. दोनशे पानी, रेघांची. वर नाव घातलं, ‘माणसं’. तिच्यात तो माणसांचं वागणं टिपून ठेवतो. त्याच्या परवानगीने थोडं सांगते.

"आई घरातून निघताना ‘येते’ म्हणते. तेव्हा ती जात असते. ‘जाते’ म्हटलं की आजी रागावते."

"नारळ वाढवला की त्याचे दोन तुकडे होतात. दुकान वाढवलं की बंद होतं. बांगडी वाढवली म्हणजे फुटली. ताट वाढलं की भरतं. पगार वाढवला की वाढतो. पगाराच्या बाबतीत शब्द खरा आहे."

"पाहुणे ‘निघतो आता’ म्हणतात आणि मग दारात उभे राहून बोलतात. आजवरचा सर्वांत मोठा वेळ: ४१ मिनिटं. दारात बोलतात ते बसून बोललेल्यापेक्षा महत्त्वाचं असतं. मग ते बसून का बोलत नाहीत?"

यातलं एक वाक्य निवडा आणि त्याच्याबरोबर बसा. मी ‘येते’ निवडते. लहानपणापासून मी घराबाहेर पडताना ‘येते’ म्हणत आले. माझी आई म्हणायची, तिची आईही म्हणायची. जाण्याचा शब्द उच्चारला तर परतणं हुकेल अशी कुठली तरी जुनी धास्ती त्याच्या मुळाशी आहे. मुलाने विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या धास्तीकडे पाहिलं. ‘येते’ म्हणजे ‘मी परत येईन, काळजी करू नकोस’ एवढं सगळं वाक्य आहे, आणि आपण त्याचं शेपूटच तेवढं उच्चारतो. हे त्याला समजावून सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "मग पूर्ण वाक्य म्हण ना." आता मी दारात पूर्ण वाक्य म्हणते. किती वाजता येईन तेही सांगते. त्याच्या मनाला त्याने स्वस्थता मिळते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

डोळे

आता थोडा वेळ तुमची नजर जिथे आपोआप जाते तिथे जाऊ द्या. खाली गेली तर खाली.

आपल्याकडे मुलांना दोन्ही गोष्टी ऐकाव्या लागतात. "मोठ्यांशी बोलताना त्यांच्याकडे बघून बोल," आणि रागाच्या वेळी, "वर डोळे करून बोलतोस?" बहुतेक मुलं यातली कुठली आज्ञा कधी लागू ते न शिकवता शिकतात. माझ्या मुलाने विचारलं होतं, "नक्की कधी बघायचं?" मला नीट सांगता आलं नाही.

जॉन एल्डर रॉबिसन या अमेरिकन गृहस्थांच्या आत्मकथनाचं नावच आहे ‘लुक मी इन द आय’, माझ्या डोळ्यांत बघ. लहानपणी मोठ्यांकडून सतत ऐकलेलं वाक्य त्यांनी पुस्तकावर लावलं. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. आपल्याला ॲस्पर्गर, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार, आहे हे त्यांना चाळिशीत कळलं. तोवर त्यांनी ‘किस’ या रॉक बँडसाठी धूर आणि ज्वाळा सोडणारी गिटारं बनवली होती. पुस्तकात लहानपणीचे प्रसंग आहेत. एका मुलीशी मैत्री करायची म्हणून त्यांनी तिला थोपटलं, घरच्या कुत्र्याला थोपटतात तसं. कुत्र्याला ते आवडायचं. मुलीला आवडलं नाही. वाचताना हसू फुटतं, आणि ते हसू रॉबिसन यांनीच आपल्या हातात ठेवलेलं असतं. त्या लहान मुलाचा तर्क किती सरळ होता हे आपल्याला आधी कळतं, आणि मग हसू येतं.

त्याच पुस्तकात एक अवघड हसू आहे. रेल्वेखाली सापडलेल्या एका मुलाची बातमी कुणीतरी सांगितली, आणि ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. सांगणारी व्यक्ती हादरली. कितीतरी काळ तेही स्वतःला विचारत राहिले की आपण दुष्ट आहोत का. पुढे त्यांना उलगडलं: आपल्या घरचं कुणी नाही, आपली माणसं सुखरूप आहेत, या सुटकेचं ते हसू होतं. अशी सुटका बातमी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात क्षणभर येऊन जाते. बाकीच्यांना ती झाकता येते.

भरताच्या यादीत हे अस्थानी हसू, म्हणजे खालच्या पायरीवरचं. रॉबिसन यांचं वाचल्यापासून मला ती पायरी पुन्हा पाहावीशी वाटते. चेहरा एक सांगतो आणि मन दुसरंच, असं आपल्या प्रत्येकाचं कधी ना कधी झालेलं आहे. तुमची तशी एक वेळ आठवा. तेव्हा कुणी आपल्याला विचारावं असं वाटलं होतं का, की बाबा, आत काय चाललंय?

हसणाऱ्याची बाजू

१९४४ साली व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स ॲस्पर्गर यांनी आपल्याकडच्या मुलांविषयी लिहिताना नोंदवलं की या मुलांना विनोदाची जाण नसते, आणि विनोद त्यांच्यावरच असेल तर विशेषच कळत नाही. मात्र शब्दांशी खेळणारी, नेमकं बोलणारी मुलंही त्यांना दिसली होती, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं.

या नोंदीपाशी जरा रेंगाळा. विनोद आपल्यावर असेल तर कळत नाही. कुणाला कळतो? वर्गात सगळे आपल्याकडे पाहून हसतायत आणि कारण आपल्याला सांगितलेलं नाही, अशा वेळी कुठल्या मुलाने मनमोकळं हसायचं?

पुढच्या काळात उत्तर त्या मुलांसारख्याच माणसांकडून आलं. २०१२ मध्ये डेव्हिड फिंच यांचं पुस्तक आलं. नवरा म्हणून नीट वागता यावं यासाठी ते स्वतःसाठी बारीकसारीक टिपणं काढत असत, रेडिओपासून कपड्यांच्या घड्यांपर्यंत. संसारावरचं इतकं प्रेमळ आणि हसवणारं पुस्तक क्वचित वाचायला मिळतं. २०१९ मध्ये कॅनडाचे विनोदवीर मायकेल मॅक्रीरी यांचं आत्मकथन आलं, २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांचं, २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या फर्न ब्रेडी यांचं. तिघंही रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवणारे, तिघंही ऑटिस्टिक.

गॅड्सबी यांच्या ‘डग्लस’ या २०२० च्या कार्यक्रमात शाळेतला एक तास आहे. बाई शब्दयोगी अव्ययासारखंच काही इंग्रजीत शिकवतायत: वर, खाली, जवळ, आत. उदाहरणाला एक खोकं घेतलंय. आणि त्या लहान मुलीचं सगळं लक्ष खोक्याकडे गेलंय. तिच्या शंकांना बाई उत्तरं देतायत आणि दर उत्तरागणिक दोघी एकमेकींपासून लांब चालल्यायत. कॅनरच्या १९४३ च्या लेखातला मुलगा ‘वर’ या शब्दापाशी अडखळला होता. सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच ठिकाणी अडखळलेली एक व्यक्ती भरल्या सभागृहाला ती गोष्ट स्वतः सांगते, आणि सभागृह हसतं. आता कुठे कुणी हसायचं, हे सांगणाऱ्याने ठरवलेलं आहे.

इथे आणखी एका मुलाजवळ बसू या. त्याला वही लिहिता येत नाही. तो बोलत नाही, कदाचित कधी बोलणारही नाही. रात्री अडीच वाजता तो जागा होतो आणि एकटाच हसतो, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अशा मुलांचे आईवडील हे वाचत असतील तर त्यांना ते हसू ओळखीचं असेल. झोप मोडलेली असते, सकाळी कामावर जायचं असतं, आणि तरी ते हसू ऐकून बरं वाटतं. ते पूर्ण आत्मस्थ आहे. आपल्याला त्याचं कारण कळणार नाही. त्याच्या अंथरुणाशेजारी बसा. कारण विचारू नका. तो हसतोय तोवर नुसतं ऐका.

मधली जागा

लहानपणी कानगोष्टींचा खेळ तुम्ही खेळला असाल. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि शेवटच्याने मोठ्याने बोलायचं.

एडिनबरामधल्या संशोधकांनी २०२० मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. काही साखळ्यांत सगळे ऑटिस्टिक होते, काहींत कुणीच नव्हतं, काहींत आळीपाळीने दोन्ही. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत ती लवकर गळत गेली.

म्हणजे त्या प्रयोगात गोष्ट गळली ती दोन माणसांच्या मधल्या जागेत. ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी हे २०१२ मध्येच मांडलं होतं. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, तर इतरांना त्याचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडचं आहे. एकाच बाजूला मात्र त्यासाठी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं.

आता डोळ्यांसमोर दोन माणसं आणा, एका चटईच्या दोन टोकांना बसलेली. एक तुम्ही. दुसरं कुणीतरी, ज्याचं वागणं तुम्हाला कळत नाही. मधल्या मोकळ्या चटईकडे पाहा. ती कुणा एकाची नाही. संक्रांतीच्या दिवशी आमच्या दारात ती चटई पसरलेली होती, आणि आम्ही चौघींनी ती गुंडाळून मुलाच्या काखेत दिली. तू घेऊन जा, ही तुझी.

इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला विनोद कळला नाही. त्याने मात्र आमच्यासमोर एक विनोद ठेवला होता: वर्षभर गोड बोलायचं वचन देऊन वडी खाणारी माणसं. तो आम्हाला दिसलाच नाही. आम्ही दुसऱ्याच गोष्टीला हसत होतो.

बरोबर

मराठीत हसण्याच्या क्रियापदाजवळ कोणता शब्द येतो ते हळूहळू उच्चारून पाहा.

मला हसतात.

माझ्यावर हसतात.

माझ्याबरोबर हसतात.

पुन्हा एकदा. प्रत्येक वाक्यानंतर श्वास सोडा. छातीत काय होतं ते पाहा. माणसं तीच, हसण्याचा आवाजही कदाचित तोच. एवढ्याशा ‘ला’ने, ‘वर’ने, ‘बरोबर’ने सगळं बदलतं. ही शेवटाला लागणारी अक्षरं आपण बोलता बोलता गिळून टाकतो, आणि ज्याला ती गिळता येत नाहीत त्याला आपण हट्टी म्हणतो.

वहीत एक पान आहे. तारीख घातलेली, खाली रेघ मारलेली.

"बरोबर म्हणजे सोबत. बरोबर म्हणजे अचूक. एका शब्दाचे दोन अर्थ असले की मला त्रास होतो. याचा होत नाही."

काही वर्षांपूर्वी त्याने काकूंना ही वही वाचून दाखवली. त्यांनीच विचारलं होतं, एवढं काय लिहितोस म्हणून. तो पलंगाच्या कडेला बसला, वही गुडघ्यावर, नजर पानावर. वाचता वाचता संक्रांतीची नोंद आली: "मी नऊ वर्षांचा असताना अर्धी वडी घेतली. सगळे हसले. मला वाटलं माझा हिशेब चुकला. नंतर मी तपासून पाहिलं. त्या वर्षी बाकी सगळ्यांनी पूर्ण वडी घेतली होती. फेब्रुवारीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण झालं. हिशेब माझा चुकला नव्हता."

काकूंना ते भांडण चांगलंच आठवत होतं. त्या हसायला लागल्या. खांदे हलायला लागले, पदराने डोळे पुसू लागल्या. मी मुलाकडे पाहत होते. हात कानांकडे जातील म्हणून माझा जीव वरखाली होत होता. हात गेले नाहीत. तो थोडा वेळ पानाकडेच पाहत राहिला, मग तोही हसला. त्यांच्या मागून आलं ते हसू, तीन-चार सेकंदांनी, मोठं आणि मोकळं. तेव्हा काकूंचं ओसरत आलेलं हसू पुन्हा उसळलं.

मघाशी आठवलेल्या तुमच्या हसण्याकडे आता परत या. तो चेहरा अजून तिथे आहे. त्याला त्याची बाजू सांगायला किती वेळ हवा होता? तीन सेकंद? कितीतरी वर्षं? तो माणूस अजून भेटण्यासारखा असेल तर भेटा, आणि त्या दिवशी तो काय म्हणत होता ते विचारा. भेटण्यासारखा नसेल तर आज त्याच्यासाठी तेवढा वेळ इथेच बसा.

गेल्या संक्रांतीला काकू आल्या. त्यांचे गुडघे आता दुखतात, दारापर्यंत यायलाही त्यांना वेळ लागतो. तोच स्टीलचा डबा. त्याने सवयीप्रमाणे वडी मोडली, अर्धी परत ठेवली. काकूंनी ती परत ठेवलेली अर्धी उचलली आणि आपल्या तोंडात टाकली.

"मलाही अर्धीच झेपते रे," त्या म्हणाल्या. "तुला लवकर कळलं."

तो उत्तर देईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. ती विरल्यावर तो म्हणाला,

"बरोबर."